नौकेचे रूपक आणि दोन सागरतीरस्थ वास्तू

वास्तुसमीक्षेत ‘भाषा’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. समुद्रकाठच्या आधुनिक विहारगृहांची ‘शब्दसंपत्ती’ म्हणजे सपाट गच्ची, आडव्या काचपट्ट्या, नळ्यांचे कठडे आणि गोल गवाक्षे, एवढे नोंदवून समीक्षक थांबतो. वास्तविक विवेचनास आरंभ तेथून व्हावयास हवा.

ल कॉर्बूझिए याने १९२३ च्या आपल्या ग्रंथात आगबोटींचा आदर्श पुढे ठेवला तो त्यांच्या आकारासाठी नव्हे. गरजेतून रूप कसे सिद्ध होते, हे दाखविण्यासाठी. जहाजाचे गवाक्ष गोल असते, कारण कोपऱ्यांशी ताण एकवटतो. जमिनीवर ते कारण उरत नाही. कार्याची खूण केवळ प्रतिमा बनते. सान सेबास्तियान येथील नौकाविहार क्लब (१९२९) पाहताना ही शंका येते. आयसपुरुआ व लाबायेन यांची ही वास्तू किनाऱ्याच्या भिंतीशी नांगरलेल्या नौकेसारखी दिसते. रचना नेटकी आहे, यात संशय नाही. हिचकॉक व जॉन्सन यांनी १९३२ मध्ये ‘आंतरराष्ट्रीय शैली’त तिची गणना केली, तीही योग्यच. (मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर हेच जहाजी सज्जे भाड्याच्या बिऱ्हाडांना लागले, हा त्या रूपकाचा आणखी एक प्रवास.)

इंग्लंडमधील बेक्सहिल येथील डी ला वॉर पॅव्हिलियन (१९३५) याच शैलीत घातले जाते. पण तेथील अर्थ निराळा आहे. एरिक मेंडेलसोन व सर्ज चेरमायेफ यांनी जहाजाची नक्कल जवळजवळ टाळली आहे. फेलिक्स सॅम्युएली याच्या सांधजोड केलेल्या पोलादी सांगाड्यामुळे सज्जे सडपातळ झाले आणि काचेच्या अर्धवर्तुळातील जिना समुद्रासमोर मोकळा उभा राहिला. येथे सडपातळपणाला कारण आहे.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. पहिल्यात श्रोता वगळला जातो, दुसऱ्यात सामावतो. क्लबाची वास्तू ‘आम्ही’ म्हणते; समाजवादी नगराध्यक्षाच्या आग्रहाने नगरपालिकेने उभारलेले, नाट्यगृह व वाचनालय असलेले बेक्सहिलचे भवन ‘आपण’ म्हणते. दोहोंना एकाच शैलीनामाखाली घालणारी समीक्षा नेमका हाच भेद पुसते, आणि माझा आक्षेप त्याला आहे.

अर्थात ‘आपण’ म्हणणे स्वस्त नव्हे. खाऱ्या वाऱ्याने पोलाद गंजले, देखभाल रेंगाळली. १९८६ मध्ये या वास्तूस संरक्षित वारशाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. तरी जीर्णोद्धार होऊन ती कलाकेंद्र म्हणून पुन्हा उघडावयास २००५ साल उजाडले.