भाडं की खंडणी? क्षेमाच्या व्यापाराविषयी थोडं

शेणव्यासारख्या गावात फाइली सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरवर व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटेल. पण बचत गटाचा हिशोब, सातबाऱ्याचा फोटो, नातवाचं बारसं, सगळं आज मोबाइलमध्ये आहे आणि तिथून परस्पर दूरच्या यंत्रावर जातं. मग एके दिवशी सूचना येते: जागा भरली, अपग्रेड करा. माणूस चिडतो. ही चीड नुसती पैशाची आहे का, एवढाच आजचा प्रश्न.

‘योगक्षेम’ हा आपला जुना शब्द. आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्य कार्यालयाच्या इमारतीचं नावही तेच आहे. योग म्हणजे जे नाही ते मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं सांभाळणं. फोटो काढला हा योग, तो टिकवला हे क्षेम. आणि क्षेमाला खर्च येतो. भात कणगीत ठेवलं तरी कणगी लिंपावी लागते, उंदरांवर नजर ठेवावी लागते. कंपनीलाही यंत्रं, वीज, माणसं लागतातच. तेव्हा पैसे मागितले हाच अन्याय, हे म्हणणं टिकत नाही.

मग खुपतं काय? गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं, तेव्हा थोडा दाब देऊन साठवलेल्या फोटोंना अमर्याद जागा फुकट होती. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशोबात धरले जाऊ लागले, आणि त्याच १५ जीबीत ईमेलही आलं. आधीच्या अशा फोटोंना हात लावला नाही, हेही न्यायाने सांगितलं पाहिजे. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये फुकट खातं तीन उपकरणांपुरतं ठेवलं. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्याला ५० टिपणं आणि एकच वही दिली. तिन्हीकडे क्रम एकच. आधी सवय, मग किंमत.

बाजार म्हणेल, नको असेल तर सोडा. पण नकार देता येत असेल तरच होकाराला संमती म्हणायचं ना? गूगलमधून आपल्या फाइली बाहेर काढायची ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. पण हजारो फोटोंच्या त्या झिप फाइली साध्या मोबाइलवर उघडणार कोण, आणि ठेवणार कुठे? दार आहे हो, पण उंबरा कमरेइतका.

शहापूरकराला हे वेगळं समजवायला नको. भातसा, तानसा ही धरणं आपल्या तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर. वस्तू कुणाची, एवढं विचारून भागत नाही. चावी कुणाच्या हातात, तेही विचारावं लागतं.

दुसरा घोटाळा शब्दांचा आहे. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं, म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. बॅकअप म्हणजे वेगळी, सुरक्षित प्रत. जागा करायची म्हणून माणूस मोबाइलमधले फोटो पुसतो आणि खात्यातलेही घालवून बसतो. पैसे मोजले क्षेमासाठी, हाती आला नुसता सारखेपणा! विकणाऱ्याने हा फरक ठळक सांगायला हवा, तो बारीक अक्षरांत दडतो. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

यावर तोडगा? सिंकथिंगसारखं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते आपल्याच दोन यंत्रांमध्ये फाइली सारख्या ठेवतं, मध्ये कंपनीचं गोदाम नाही, भाडं नाही. पण मग कणगी आपणच लिंपायची. आणि तेही सिंकच, म्हणून एक प्रत वेगळी हवीच. ज्याला हे झेपत नाही त्याने खुशाल पैसे भरावेत, त्यात कमीपणा नाही.

मात्र एक कसोटी हाताशी ठेवा. भाडं आणि खंडणी यांतला फरक रकमेवरून कळत नाही. आपला माल उचलून सहज निघून जाता येत असेल तर ते भाडं. माल अडकला म्हणून भरावे लागत असतील, तर मग महिना शंभर रुपये असले तरी ती खंडणीच. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना २४ तास आधी द्यायला लावली. पैशाला जे संरक्षण मिळालं, ते आठवणींना का नसावं?

पुढचं अपग्रेडचं बटण दाबण्याआधी घरातल्या एका हार्ड डिस्कवर प्रत काढून ठेवा. मग दिलेला होकार खरोखर तुमचा असेल. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.