सुतारकामाच्या एका नियतकालिकाचा डिजिटल संग्रह : संग्राह्य कीं त्याज्य?

‘फाइन वुडवर्किंग’ हें सुतारकामास वाहिलेलें नियतकालिक अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यांतील न्यूटाऊन या गांवीं पॉल व जॅनिस रोमन या दांपत्यानें १९७५ सालीं सुरू केलें. आरंभीं तें त्रैमासिक होतें, पुढें द्वैमासिक झालें. आरंभींचे अंक एकरंगी, नंतरचे बहुरंगी. पहिल्या अंकापासूनचे जुने अंक प्रकाशकांनीं प्रथम डीव्हीडी तबकडीवर एकत्र करून विक्रीस काढले आणि पुढें संकेतस्थळावर वर्गणीदारांस ते पाहण्याची सोय केली. असा संग्रह द्रव्य खर्चून घेण्याजोगा आहे कीं नाहीं, आणि तो घेतल्यावर कागदी अंकांचें काय करावें, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखाचे विषय होत.

सुतारकामाच्या नियतकालिकाशीं पोथ्या व कागदपत्रें जमविणारांस काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर आपल्याच वाङ्मयांत आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. पलंगास कोणतें लांकूड घ्यावें, विजेनें पडलेल्या अथवा स्मशानांतील झाडाचें कां घेऊं नये, राजाची शय्या शंभर अंगुळें कशी असावी, हें सर्व त्यांत सांगितलें आहे. परंतु पलंगाचें गातें पायांत बसवितांना पटाशी कशी धरावी, याविषयीं त्यांत अक्षर नाहीं. मयमतांत ‘संधिकर्म’ हा अध्याय लांकडाच्या सांध्यांचाच आहे, आणि टी. गणपतिशास्त्री यांनीं तो ग्रंथ त्रिवेंद्रम संस्कृत ग्रंथमालेंत १९१९ सालीं छापून उपलब्ध केला आहे. त्यांत मेषयुद्ध, त्रिखंड, सौभद्र अशीं सांध्यांचीं नांवें येतात. पण वर्णन इतकें सूत्रमय कीं, आकृतीवांचून तो सांधा डोळ्यांपुढें उभा करण्यास तर्कच लढवावा लागतो. ज्याच्या हातांत विद्या होती त्याच्या हातीं लेखणी नव्हती, आणि लेखणी होती त्याच्या हातांनीं रंधा कधीं धरला नाहीं, हें आपल्या शिल्पवाङ्मयाचें जुनें दुःख आहे. म्हणून कारागीर स्वतः लिहितो, स्वतः आकृति काढितो, आणि त्याचें चुकलें तर दुसरा कारागीर पत्र धाडून तें खोडितो, असें साधन जगांत कोठेंहि सांपडलें तरी इतिहासाभ्यासकानें त्याकडे आदरानें पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत ‘वर्क’ हें साप्ताहिक १८८९ मध्यें व ‘वुडवर्कर’ हें नियतकालिक १९०१ मध्यें याच हेतूनें निघालें. ‘फाइन वुडवर्किंग’ याच कुळांतील होय.

त्याच्या अंतरंगाची कल्पना एका उदाहरणानें येईल. खणाच्या कोपऱ्यावर दोन फळ्या जोडण्याचा डव्हटेल म्हणून एक सांधा आहे. त्यांत एका फळीच्या टोकास पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचे तुकडे राखावयाचे आणि दुसरीच्या टोकास त्यांच्यामधील फटींत नेमके बसतील असे दांत. आधीं शेपट्या कापाव्या कीं आधीं दांत, यावर तिकडील सुतारांत दोन पक्ष आहेत. डेन्मार्कमध्यें जन्मलेले व ऱ्होड आयलंडच्या कलाशाळेंत शिकविणारे टागे फ्रिड हे या नियतकालिकाचे आरंभापासूनचे लेखक. ते आधीं दांत कापणाऱ्यांपैकीं. हंगेरींत शिकून न्यू जर्सींत कारखाना घातलेले फ्रँक क्लाउस हेहि त्याच पक्षाचे. शेपट्या आधीं कापणारांचा पक्षहि तितकाच प्रबळ आहे. शिवाय ‘मेथड्स ऑफ वर्क’ या सदरांत वाचकांनीं धाडलेल्या लहानसहान युक्त्या येत, आणि पत्रव्यवहाराच्या पानांवर मागील अंकांतील लेखांवर आक्षेप घेतले जात. हीं मतांतरें म्हणजे आपल्या भाषेंत पाठभेदच होत. आणि पाठभेदांची नोंद जेथें सुटते तेथें ग्रंथाची परंपरा कळत नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

या संग्रहावर घेतला जाणारा पहिला आक्षेप पुनरुक्तीचा आहे. दर कांहीं वर्षांनीं कामाचें बांक कसें करावें, हत्यारास धार कशी लावावी, सरस कोणता घ्यावा, हेच विषय फिरून येतात. मग सर्व अंकांचा भार कशास? वरवर पाहतां हा आक्षेप योग्य वाटतो. परंतु धार लावण्याचेच लेख कालानुक्रमानें वाचावे, म्हणजे त्याचें उत्तर मिळतें. १९७०च्या दशकांत अमेरिकन सुतार मुख्यतः तेलाच्या दगडावर धार लावीत. १९८०च्या दशकांत जपानी पाण्याचे दगड तेथें रुळूं लागले. तोशिओ ओदाते यांचा जपानी हत्यारांवरील ग्रंथ याच नियतकालिकाच्या प्रकाशकांनीं १९८४ मध्यें काढला. पुढें हिऱ्याची पूड बसविलेल्या पट्ट्या आल्या. एका देशाची हस्तविद्या दुसऱ्या देशांत कधीं शिरली, कोणीं विरोध केला व कोणीं स्वागत केलें, हें या पुनरुक्तीवांचून कळलें नसतें. ज्यास एक खुर्ची करावयाची आहे त्यास पुनरुक्ति हा दोष. ज्यास विद्येचा इतिहास पाहावयाचा आहे त्यास तीच सामग्री होय.

यावरूनच संग्रहाची पहिली कसोटी निघते, ती अखंडतेची. जुन्या नियतकालिकाचें पुनरुज्जीवन दोन रीतींनीं होतें. एक रीत निवडीची. ‘वुडवर्कर’चें संपादन चार्ल्स हेवर्ड यांनीं १९३९ पासून पुढें दीर्घकाळ केलें, त्या काळांतील निवडक लेख विषयवार लावून अमेरिकेंतील लॉस्ट आर्ट प्रेस या संस्थेनें २०१६ पासून ग्रंथरूपानें काढले. काम करणाऱ्या सुतारास हे ग्रंथ अत्यंत सोयीचे आहेत आणि त्यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं; पण विषयवार मांडणी म्हटली कीं कालक्रम मोडला, आणि निवड म्हटली कीं निवडणाऱ्याची रुचि आंत आली. दुसरी रीत पानामागून पान, जाहिरातीं-पत्रांसह, जसेंच्या तसें देण्याची. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला तेव्हां पत्रांचा गोषवारा न देतां मूळ पत्रेंच छापलीं. त्या निर्णयाचें मोल पुढील प्रत्येक अभ्यासकास कळलें आहे. नियतकालिकांतील जाहिरातीहि अशाच साधन होत. कोणतें हत्यार कोणत्या वर्षीं बाजारांत होतें, अक्रोडाची फळी काय भावानें मिळे, हें लेखांत क्वचित् सांपडतें, जाहिरातींत हटकून सांपडतें.

अखंडतेचा हा आग्रह केवळ संग्राहकांचा छंद नव्हे, हें अमेरिकेच्या न्यायालयांच्या दोन निर्णयांवरून दिसेल. २००१ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें टासिनी खटल्यांत ठरविलें कीं, स्वतंत्र लेखकांचे लेख वर्तमानपत्रांतून सुटे करून संगणकीय भांडारांत घालणें हें लेखकांच्या परवानगीवांचून करतां येणार नाहीं. उलट ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या सर्व अंकांच्या तबकड्या १९९७ मध्यें निघाल्या त्यांवरील खटल्यांत अपील न्यायालयानें २००८ मध्यें प्रकाशकांच्या बाजूनें निर्णय दिला; कारण त्यांत मूळ पानें छापल्याप्रमाणें, त्याच क्रमानें दाखविलीं होतीं. सुटा लेख व अंकांतील लेख या दोन भिन्न वस्तु आहेत, हें कायद्यासहि मान्य करावें लागलें. ‘फाइन वुडवर्किंग’च्या संकेतस्थळावर एकेक लेख सुटी पीडीएफ म्हणून मिळूं लागला, ही सोय खरी, परंतु संग्राहकानें पूर्ण अंकाचेंच रूप पसंत करावें.

दुसरी कसोटी शुद्धतेची. यंत्रानें केलेली नक्कल हस्तलिखितासारखी चुकत नाहीं असा सार्वत्रिक समज आहे. तो निराधार आहे. जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनीं २०१३ मध्यें दाखवून दिलें कीं, कार्यालयांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या कांहीं नक्कल-यंत्रांत जागा वांचविण्याची जी युक्ति होती, तिच्यामुळें पानावरील एका आंकड्याच्या जागीं त्याच्यासारखा दिसणारा दुसराच आंकडा बसे. घराच्या एका नकाशांत तीन निरनिराळ्या खोल्यांचें क्षेत्रफळ नकलेंत एकच, १४.१३, असें उमटलें होतें. लेखकप्रमादांत निदान अक्षर बिघडलेलें दिसतें, शाई पसरते, ओळ वांकडी होते. येथें चुकीचा आंकडा मूळ आंकड्याइतकाच सुबक दिसतो. सर्वच संग्रहांत असा दोष असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सुतारकामाच्या आकृतींत ३/१६ इंच कीं ५/१६ इंच यावर सांधा बसणें न बसणें अवलंबून असतें. शिवाय यंत्रानें वाचून तयार केलेल्या शोध्य मजकुरांत असे अपूर्णांक वारंवार बिघडतात. म्हणून शोधानें सांपडलेला मजकूर कधींहि प्रमाण मानूं नये. पानाचें चित्र पाहावें, आणि मापाविषयीं शंका येतांच कागदी अंकाशीं ताडून घ्यावें.

तिसरी कसोटी कालनिर्देशाची. शोधयंत्रांत एक शब्द घातला कीं पन्नास वर्षांतील लेख एका रांगेंत, एकाच वयाचे असल्यासारखे उभे राहतात. कागदी अंक हातीं घेतांच त्याचें पिवळें पान त्याचें वय सांगतें. पडद्यावर सर्व पानें सारखींच पांढरीं. यांत धोका आहे. जुना रंग उतरविण्यासाठीं मेथिलीन क्लोराइडयुक्त द्रावणें अमेरिकेंत दीर्घकाळ सर्रास वापरांत होतीं. त्यांच्या वाफेनें माणसें दगावलीं, आणि किरकोळ ग्राहकांस तीं विकण्यास तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेनें २०१९ मध्यें मनाई केली. ब्राझील देशाच्या शिसवीची शिफारस जुन्या कारागिरांनीं मुक्तपणें केलेली असे. १९९२ पासून त्या लांकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद झाला, आणि २०१७ पासून त्या वृक्षजातीचीं बहुतेक सर्व भावंडें, आपल्याकडील शिसवीसुद्धां, परवान्याच्या बंधनाखालीं आलीं. तारीख न पाहतां जुना लेख वाचणारा येथें प्राणासहि मुकूं शकतो. ज्या संग्रहांत प्रत्येक पानाबरोबर अंकाचें वर्ष डोळ्यांसमोर राहतें तो चांगला. राहत नसेल तर तें वाचकानेंच टिपून ठेवावें.

चौथी कसोटी टिकाऊपणाची. इंग्लंडांत १०८६ सालीं झालेल्या जमिनींच्या पाहणीचें ‘डोम्सडे बुक’ चर्मपत्रावर लिहिलेलें असून आजहि वाचतां येतें. त्याच्या नवशतकाच्या निमित्तानें बीबीसीनें १९८६ मध्यें त्याच नांवाचा नवा संग्रह लेझर तबकड्यांवर केला. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें इतकीं दुर्मिळ झालीं कीं, २००२ मध्यें त्यांचें अनुकरण करणारी संगणकीय प्रणाली मुद्दाम तयार करावी लागली. डीव्हीडीचीहि तीच वाट चालू आहे. बहुतेक नव्या संगणकांत ती घालण्यास जागाच उरलेली नाहीं. वर्गणीवर पाहावयास मिळणारा संग्रह तर वर्गणी भरे तोंवरच आपला. त्यास संग्रह म्हणण्यापेक्षां वाचनालयाचें प्रवेशपत्र म्हणणें बरें. घ्यावयाचाच तर आपल्या ताब्यांत राहील, दुसऱ्या साधनावर उतरवितां येईल, अशा रूपांत घ्यावा.

आतां दुसरा प्रश्न : कागदी अंकांचें काय करावें? डिजिटल प्रत आली म्हणून मूळ खंड रद्दींत घालण्याची प्रवृत्ति सर्वत्र दिसते, आणि तिचा परिणाम काय होतो याचें उदाहरण अमेरिकेंतच आहे. तेथील ग्रंथालयांनीं जुन्या वर्तमानपत्रांचीं सूक्ष्मचित्रें काढून मूळ बांधीव खंड टाकून दिले. निकल्सन बेकर यांनीं ‘डबल फोल्ड’ या २००१ च्या ग्रंथांत त्याचा हिशेब मांडला. सूक्ष्मचित्रें कोठें अपुरीं, कोठें अस्पष्ट, रंगीत चित्रांची सर्वत्र हानि. आणि ताडून पाहावयास मूळ शिल्लक नाहीं. ब्रिटिश लायब्ररीनें विक्रीस काढलेले अमेरिकन वर्तमानपत्रांचे खंड बेकर यांनीं स्वतः खटपट करून विकत घेतले. तो संग्रह पुढें ड्यूक विद्यापीठांत सुरक्षित पोंचला. नक्कल आहे म्हणून मूळ जाळणें, ही चूक पोथ्यांच्या बाबतींत आपणांपैकीं कोणी करणार नाहीं. मग छापील कागदाच्या बाबतींत ती क्षम्य कशी ठरेल? छापील अंकाच्या प्रती पुष्कळ असतात हें खरें, पण प्रत्येकजण ‘दुसऱ्याकडे असेल’ असें म्हणूं लागला म्हणजे एकहि उरत नाहीं.

आमचा अभिप्राय असा. ‘फाइन वुडवर्किंग’चा डिजिटल संग्रह संग्राह्य आहे. शोधावयास, दूरच्या अभ्यासकास, आणि ज्याच्याकडे मधले अंक तुटक आहेत त्यास तो फार उपयोगी पडेल. परंतु तो अखंड पानांचा असावा, आपल्या मालकीचा असावा, आणि त्यांतील मापें व तारखा पडताळूनच वापराव्या. ज्यांच्याकडे कागदी अंक आहेत त्यांनीं ते विकूं नयेत; निदान आपला संच एकदां डिजिटल प्रतीशीं पानोपान ताडून, कोणत्या अंकांत कोणतें पान अथवा पुरवणी कमी आहे याची यादी करावी आणि ती संचाबरोबरच बांधून ठेवावी. त्या यादीवरूनच पुढील अभ्यासकास दोन्ही प्रतींचा भरंवसा किती धरावा हें कळेल.