उंबरठ्यावरचे सोबती : ‘अरुणोदय’ व ‘स्मृतिचित्रे’ यांचे पुनर्वाचन

बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या उमेदवारास आम्ही पाळक व धर्मशिक्षक जो पहिला उपदेश करतो, तो बहुधा संगतीविषयी असतो. जुनी संगत सोडावी, नवी धरावी. नीतिसूत्रांतील सुज्ञांच्या व मूर्खांच्या सोबतीचे वचन आम्ही त्याच्यापुढे ठेवतो आणि जुनी संगत ती मूर्खांची व मंडळीची ती सुज्ञांची, असे समीकरण नकळत मांडून मोकळे होतो. हे समीकरण कितपत टिकते, हे पाहण्यासाठी मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दोन आत्मचरित्रे पुन्हा एकदा वाचून पाहावीत, असे आम्हांस वाटले.

पहिले बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’. बाबा १८३१ साली बेळगावात जन्मले, मुंबईत शिकले आणि १८५४ साली बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. या दोन टोकांच्या मध्ये त्यांच्या आयुष्यात परमहंस सभा येते. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेली ही मंडळी जातिभेद व मूर्तिपूजा यांविरुद्ध होती. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान तिच्या मुळाशी होते आणि सभासद एकत्र बसून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. परंतु हे सारे दार लावून. बाहेर प्रत्येक जण आपापल्या जातीत पूर्ववत राही. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटल्याची बातमी पसरली आणि सभा मोडली.

आमच्या मते ‘अरुणोदया’चा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण येथे वाईट संगतीचा प्रश्नच नाही. ही माणसे सुशिक्षित, सदाचारी, बाबांच्या शंकांत मनापासून सहभागी होणारी. शंकेपर्यंत त्यांची सोबत उत्तम होती, किंमत मोजण्याची वेळ येताच ती संपली. ज्याचे मत आपल्यासारखे तो आपला सोबती, असे तरुणपणी कोणास वाटत नाही? हा भेद बाबांनी अनुभवला होता. तो त्यांनी जितक्या स्पष्टपणे मांडावयास हवा होता तितका मात्र मांडलेला नाही, ही आमची तक्रार आहे. ग्रंथाचा हेतू सत्यधर्माची साक्ष देणे हा असल्याने माणसे त्यांच्या लेखणीखाली लवकरच पूर्वपक्ष व उत्तरपक्ष होऊन बसतात. सभेतील मित्रांचे भय आपणांस कळते, पण त्या भयामागे कोणाची वृद्ध आई होती, कोणाचे लग्न ठरले होते, हे कळत नाही. म्हणून त्यांचा न्यायही आपण घाईने करतो.

‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट निराळी. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) कोणासही पक्ष होऊ देत नाहीत. आमच्या व्यासपीठांवरून या पुस्तकातील एकच प्रसंग वारंवार ऐकू येतो : नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात भेटलेला तो गोरा प्रवासी, त्याने दिलेला नवा करार आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे त्याचे भाकीत. प्रसंग मोहक आहे खरा. आम्हीही शिकवताना तेथेच रेंगाळत असू, हे कबूल केले पाहिजे. परंतु प्रवास संपला तशी ती सोबतही संपली. त्या गृहस्थाचे नावसुद्धा टिळकांना पुढे कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो पत्नीला विश्वासात न घेता. आयुष्याची सोबतीणच या वळणावर मागे राहिली, हे ग्रंथातले दुखरे सत्य आम्ही प्रवचनात सहसा उच्चारीत नाही.

मग त्या काळात लक्ष्मीबाईंचे सोबती कोण? त्यांची बहीण भिकुताई आणि मेहुणे पेंडसे. पंढरपुरासारख्या क्षेत्री, नवरा ख्रिस्ती झालेल्या बाईला व तिच्या लहान दत्तूला घरात ठेवून घेणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. या माणसांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला नव्हता, करण्याचा विचारही नव्हता. तरीही सुज्ञ व विश्वासू सोबत्याचे जे लक्षण आम्ही वर्गात शिकवतो, ते या पर्वात त्यांच्या ठायी दिसते. त्यांनी आसरा दिला, पण त्या आसऱ्याचे कर्ज करून लक्ष्मीबाईंचे पुढचे पाऊल बांधून ठेवले नाही.

अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) पतीकडे आल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळेओवळे वेगळेच ठेवले. या ठिकाणी टिळकांविषयीचा आमचा आक्षेप बराच सौम्य होतो. १८९५ साली जो मनुष्य थांबला नव्हता, तो आता थांबावयास शिकला होता. जातिभेद मानवनिर्मित आहे हा निर्णय लक्ष्मीबाईंच्या मनात वादविवादाने झाला नाही, स्वतःशी विचार करता करता झाला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधली वर्षे कोणी वाया गेली म्हणतील. पण तीच वर्षे नसती तर ‘ख्रिस्तायना’चे राहिलेले काम पतीच्या पश्चात वर्षानुवर्षे ओढणारी स्त्री आपणांस लाभली असती काय, याची आम्हांस शंका आहे.

प्रेषितांच्या कृत्यांत शौल यरुशलेमेस येतो तेव्हा शिष्य त्याला भितात आणि एकटा बर्णबा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेतो. बर्णबा मंडळीच्या आतला होता, पेंडसे बाहेरचे. या फरकाला ईश्वरविज्ञानाच्या दृष्टीने महत्त्व आहे, ते आम्ही पुसू इच्छीत नाही. विश्वासात वाढ होण्यास विश्वासी सोबतच लागते आणि नगरच्या मंडळीवाचून लक्ष्मीबाईंची कथा पुरी होत नाही. पण उमेदवाराला घरच्यांपासून तोडण्याची जी घाई आमच्यातील काहींना असते, तिला ‘स्मृतिचित्रे’त आधार सापडत नाही. उलट परमहंस सभेतील मित्रांसारखे, मत जुळते म्हणून जवळ आलेले नवे सोबती आधी पारखून घ्यावेत, याला ‘अरुणोदया’त आधार आहे. आणि असे मित्र आमच्या युवक संघांतही नसतात असे नाही.

येत्या उपवासकाळात जे बंधू तयारीचा वर्ग घेणार असतील, त्यांनी या दोन ग्रंथांतील एवढेच भाग वाचून दाखवावेत : बाबांचे परमहंस सभेतील दिवस आणि लक्ष्मीबाईंचे पंढरपूरचे दिवस. आगगाडीचा प्रसंग या खेपेस वगळला तरी चालेल. वाचून झाल्यावर उमेदवारास त्याच्या घरी कोण कोण आहे, हे विचारावे आणि शक्य असल्यास एकदा जाऊन त्यांस भेटावे.