पिढीबदल की मतपरिवर्तन? : आयर्लंडमधील समलिंगी राजकारण्यांच्या स्वीकाराची चिकित्सा

आयर्लंडच्या राजकारणात समलिंगी व्यक्तींना लाभलेल्या मान्यतेचे स्पष्टीकरण बहुधा ‘पिढीबदल’ या एका शब्दात केले जाते. चर्चच्या प्रभावाखालील जुनी पिढी मागे सरली व उदारमतवादी नवी पिढी पुढे आली, असा त्याचा मथितार्थ. ही उपपत्ती अंशतः ग्राह्य असली तरी अपुरी आहे.

डेव्हिड नॉरिस (जन्म १९४४) आणि लिओ वराडकर (जन्म १९७९) हे या दोन पिढ्यांचे प्रतिनिधी मानले जातात. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या व्हिक्टोरियन कायद्याविरुद्धची नॉरिस यांची याचिका १९८३ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. १९८८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९९३ मध्ये कायदा बदलला. वराडकर यांनी जानेवारी २०१५ मध्ये नभोवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. जून २०१७ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी ते पंतप्रधान झाले. त्यांचे पितृघराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे असल्याने महाराष्ट्रात या घटनेचे कौतुक झाले. परंतु त्यामागील दीर्घ न्यायालयीन संघर्ष त्या कौतुकात झाकोळला जाऊ नये.

२२ मे २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहास संमती दिली. ४३ पैकी ४२ मतदारसंघांचा कौल अनुकूल होता. १९९३ मध्ये मतदानाचे वय गाठलेली व्यक्ती यावेळी चाळिशीपलीकडची होती. असा सर्वदूर कौल केवळ तरुणांच्या बळावर मिळणे संभवत नाही. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठीची वयोमर्यादा ३५ वरून २१ वर आणण्याचा प्रस्ताव याच मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळला, ही बाबही बोलकी आहे. तात्पर्य, माणसे केवळ बदलली गेली नाहीत. त्यांची मतेही बदलली.

व्यक्तींच्या यशापयशावरून समाजमनाचे अनुमान काढतानाही सावधगिरी आवश्यक ठरते. २०११ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत नॉरिस प्रारंभी आघाडीवर असूनही पराभूत झाले. तथापि पूर्वीच्या जोडीदारासाठी लिहिलेल्या दयेच्या पत्रांचा वाद त्यात कारणीभूत होता. उलटपक्षी, वराडकर यांची निवड जनतेने थेट केलेली नव्हती. पक्षांतर्गत निवडणुकीत सामान्य सदस्यांचे बहुमत सायमन कोव्हनी यांना होते. संसदीय पक्षाच्या मतांना दिलेल्या ६५ टक्के भारांकामुळे वराडकर विजयी झाले. त्या स्पर्धेत लैंगिकता हा कळीचा मुद्दा ठरला नाही, हेच परिवर्तनाचे खरे गमक होय.

या विवेचनाचे भारतीय संदर्भातही महत्त्व आहे. २००९ च्या नाझ फाउंडेशन खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने नॉरिस खटल्याचा आधार घेतला होता. कलम ३७७ ची कक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संकुचित केली. जुनी पिढी अस्तंगत होण्याची प्रतीक्षा करणे म्हणजे सुधारणा नव्हे. पालक, शेजारी व मतदार यांच्याशी संवाद साधून त्यांचे मन वळविता येते, हाच आयर्लंडच्या अनुभवाचा निष्कर्ष आहे.