शाळातपासणी आणि शालेय सुधारणा : जोतीराव फुले यांच्या १८८२ च्या निवेदनाचा एक उपेक्षित भाग

हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जे निवेदन केले, त्याची चर्चा बहुधा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीपाशीच थांबते. शाळातपासणीविषयीचा त्यातील मजकूर मात्र उपेक्षित राहिला आहे. प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीने फारसे काही साधत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि एरवीही पूर्वसूचनेवाचून भेटी द्याव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

‘भेटी वाढवा’ एवढाच या मागणीचा अर्थ करणे अपुरे ठरेल. दिवस आधी ठाऊक असला म्हणजे तपासणीसास शाळा दिसत नाही, शाळेने केलेली तयारी दिसते. पूर्वसूचना नको म्हणण्यातील मर्म हेच होय. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने अनुदान हे उपस्थिती आणि वाचन, लेखन व गणित यांतील परीक्षेच्या निकालाशी जोडले. त्यामुळे अध्यापन यांत्रिक होते, अशी टीका स्वतः शाळातपासणीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड यांनी केली. निकालानुसार अनुदान फुले यांनाही अमान्य होते. परंतु त्यांचे कारण निराळे. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच उत्पन्न झालेली नाही, तेथे अशा अनुदानाच्या भरवशावर कोणी शाळा काढणार नाही, असे ते म्हणतात. आर्नल्ड यांची चिंता वर्गातील अध्यापनाची होती. फुले यांची, मुळात शाळा निघण्याची.

येथे एक आक्षेप संभवतो. पुष्कळ मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकास विशेष भत्ता द्यावा, असेही फुले सुचवितात. मग नाकारलेले तत्त्व मागल्या दाराने आत आले नाही काय? याचे उत्तर अंशतः त्याच निवेदनात आहे. शिक्षकाचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे भत्ता हा निश्चित वेतनावरचा. पोटाची सोय त्यावर अवलंबून नाही. तथापि आक्षेप पूर्णपणे दूर होत नाही. शिवाय युरोपियन इन्स्पेक्टरच्या देखरेखीने शिक्षकांवर वचक राहील, या अपेक्षेत भर नियंत्रणावर आहे, शिक्षकास द्यावयाच्या साहाय्यावर नाही. ही त्या विवेचनाची मर्यादा मानावी लागते.

त्यांचे एक निरीक्षण मात्र आजही बोचते. गावच्या व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांवर तपासणी सोपवू नये. नाना कामांमुळे त्यांना सवड नसते आणि त्यांची तपासणी वरवरची होते, असे ते बजावतात. आज महाराष्ट्रात केंद्रप्रमुख हा खास शाळांसाठीच नेमलेला अधिकारी आहे. परंतु माहिती गोळा करणे व अहवाल पाठविणे यांतच त्याचा दिवस सरत असेल, तर अन्य अधिकाऱ्यांवरील तो आक्षेप आता खुद्द पर्यवेक्षकावर येऊन पडतो. शेरेबुकातील सह्या मोजून शाळा सुधारली असे ठरत नाही. तपासणीस वर्गात किती वेळ बसला आणि त्याच्या पश्चात शिक्षकाच्या शिकविण्यात काय पालटले, हाच खरा निकष होय.