जागा होतो की जागा केला जातो?

गंजाडच्या एका पाड्यावर, कुडाच्या भिंतीला टेकून बसलेल्या एका वृद्ध वारली गृहस्थांना मी विचारले होते, ‘वेठ कोणी बंद केली?’ त्यांचे वडील वेठीला जात असत. उत्तरात एक नाव येईल, अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘आमच्या बापांनी जायचं सोडलं.’ थोडे थांबून पुढे म्हणाले, ‘बाई आली, तिनं सांगितलं, खरं आहे. पण जायचं सोडलं ते त्यांनी.’ घरी परतल्यावर गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा वाचायला घेतले. या वेळी ते मला वेगळे दिसले.

हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून आपण ते एका सुशिक्षित, निःस्वार्थ स्त्रीच्या त्यागाची कहाणी म्हणून वाचत आलो. कायद्याची पदवी घेतलेली पुण्याची मुलगी डहाणू-उंबरगावच्या रानात गेली आणि तिने मुक्या माणसांना वाचा दिली, असा हा परिचित सारांश. पण शीर्षक तसे म्हणत नाही. त्यातले क्रियापद ‘जागा करतो’ नाही, ‘जागा होतो’ आहे. अकर्मक क्रियापदाचे शीर्षक आणि ‘मी’ने चालणारे निवेदन, यांच्यातला ताण हाच मला या पुस्तकाचा खरा विषय वाटतो.

जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव भागातले काही वारली तिथे गेले. २३ मे १९४५ रोजी, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही असे ठरले. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी लग्नगडी होऊन आयुष्य घालवणे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. मग ते एका सभेने मोडायला सुरुवात कशी झाली?

वेठ अन्याय आहे हे कळायला वारल्यांना बाहेरचे कोणी लागत नव्हते. पाठीवरचे वळ ते सांगतच होते. अडचण वेगळी होती. बोलावणे येई ते एकेका घराला, आणि नकार देणारा एकटा पडे. शेजारचाही जाणार नाही, पलीकडच्या पाड्यावरचाही जाणार नाही, ही खात्री कोणालाच नव्हती. झरीच्या सभेने ती खात्री दिली. हजारो माणसांनी एकमेकांसमोर, एकमेकांना ऐकू जाईल असे ‘नाही’ म्हटले. परुळेकर दांपत्याचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांनी विचार दिलाच, पण त्याहून अधिक म्हणजे एकत्र बसून ठरवण्याची जागा दिली. शिवाय निर्णय असा होता की तो पाळायला पुढारी हजर लागत नाही. उद्या सकाळी कामावर जायचे नाही, एवढे प्रत्येकाच्या हाती होते.

नेतृत्वाची दुसरी बाजू पाचच महिन्यांत दिसली. गवतकापणीचा संप चालू होता. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये अशी मागणी होती. ऑक्टोबर १९४५मध्ये, बाई तलवाड्याला येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पसरवण्यात आला. माणसे रात्रीतून जमली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. लाल बावट्याभोवती माणसे बसून राहिली, हा त्यातला शौर्याचा भाग सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र तो निरोप सोडत नाही. विरोधकांनी नेमके ओळखले होते की एका नावाने हाक दिली की हा समाज उठून येतो. झरीला बळ ठरलेला विश्वासच तलवाड्याला शत्रूच्या हातचे हत्यार झाला. आणि तरीही संप मोडला नाही, कारण गवत न कापण्याचा निर्णय त्या नावावर टांगलेला नव्हता.

रॉबर्ट मिखेल्स याने १९११ साली जर्मनीतल्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून निष्कर्ष काढला होता की संघटना म्हटली की सत्ता मूठभरांच्या हाती जाणारच, मग विचारसरणी कितीही लोकशाहीवादी असो. पावलो फ्रेइरी याच्या शिक्षणविचाराचा रोख नेमका उलटा होता: पीडितांच्या वतीने नव्हे, त्यांच्यासोबत. त्याचे पुस्तक इंग्रजीत आले तेही १९७० सालीच. गोदावरीबाईंचे पुस्तक या दोघांच्या मधे उभे आहे. मनाने ते फ्रेइरीच्या बाजूचे आहे. आत्मकथनाचा घाट मात्र त्याला मिखेल्सकडे ओढतो. पाड्यावर रात्री कोण काय बोलले, कोणाचा विरोध होता, बायकांचे म्हणणे काय पडले, हे मला त्यात हवे होते तेवढे मिळत नाही. हा लेखिकेच्या प्रामाणिकपणावरचा आक्षेप नाही. जे तिने पाहिले ते तिने लिहिले. आक्षेप आहे तो आपल्या वाचनावर, ज्याने शीर्षकातला ‘माणूस’ सोडून निवेदनातला ‘मी’ तेवढा उचलला.

गंजाडलाच याचे दुसरे उदाहरण आहे. जिव्या सोमा मशे इथले. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि त्यांची प्रतिभा निर्विवाद होती. पण लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या सुवासिनींची नावे कुठे नोंदलेली नाहीत. बाहेरच्या जगाला समूह कळतो तो एका नावातून. तलवाड्याचा निरोप पसरवणाऱ्यांनाही तो तसाच कळला होता.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार दिले, २०१४मध्ये महाराष्ट्राने त्याचे नियम केले आणि पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा भरवण्याची वाट खुली झाली. भूसंपादनाबाबत मात्र मूळ कायद्याचा शब्द ‘सल्लामसलत’ असा आहे, ‘संमती’ असा नाही. बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग, वाढवण बंदर अशा प्रकल्पांच्या काळात या दोन शब्दांमधले अंतर जमिनीने मोजावे लागते. अशा एका सभेत मी मागे बसलो होतो. ठराव टंकलिखित होऊनच आला होता. वाचून झाल्यावर शांतता पसरली आणि कोणीतरी हळूच विचारले, ‘आपले पुढारी काय म्हणतात?’ ठरावावर कोणाचेच मत नव्हते असे नाही. ते मोठ्याने बोलायची सवय मोडली होती.

म्हणून झरीची सभा आज पुन्हा वाचायला हवी, आणि ती स्मारकासारखी नव्हे तर रीत म्हणून. पुढारी चांगला की वाईट, डावा की उजवा, हे प्रश्न आहेतच. पण तो उठून गेल्यावर मागे लोकांचा स्वतःचा, त्यांना पाळता येईल असा निर्णय उरतो की नाही, हे मी आता आधी पाहतो. गोदावरीबाई या कसोटीला उतरतात. त्याची साक्ष गंजाडच्या त्या गृहस्थांनी दिलीच होती: श्रेय देताना बाईंना त्यांनी विसरले नाही, आणि निर्णय मात्र बापांच्याच नावे ठेवला.