हे सायकल कोनाची व्हय?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस सायकलींच्या फोटोंवर काय बोलणार, असं आपल्यापैकी काहींना वाटलं असेल. ते साहजिक आहे. पण रोजच्या वापरातली एखादी वस्तू छायाचित्रात येते तेव्हा तिचं नेमकं काय होतं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. त्यासाठी आम्ही सायकल निवडली. कारण अमरावती-अकोल्याकडे ज्याच्या हातात मोबाइल आहे, त्यानं एकदा तरी सायकलीचा फोटो काढलेला असतो. आणि यातले बहुतेक फोटो एकसारखे असतात.

कसे असतात ते पाहा. पोपडे उडालेली भिंत, तिला टेकवलेली काळी बावीस इंची सायकल, संध्याकाळचं तिरपं ऊन. माणूस नाही. खाली 'गेले ते दिवस' अशा अर्थाची एखादी ओळ. भिंत अमरावतीच्या परकोटाची असो की अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एखाद्या वाड्याची, फोटो तोच. हा झाला पहिला प्रकार. त्याला आम्ही स्मरणरंजनाचा फोटो म्हणतो. दुसरा प्रकार काळ्या-पांढऱ्यातला. मे महिन्याची दुपार, कॅरिअरवर डोईपेक्षा उंच ओझं, सायकल ढकलणारा म्हातारा, चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती मुद्दाम गडद केलेली. हा दयेचा फोटो. स्पर्धांमध्ये बक्षीस बहुधा या दोहोंपैकी एकाला मिळतं.

आमचं म्हणणं असं आहे की या दोन्ही प्रकारांत सायकल दिसतच नाही. फोटो काढणाऱ्यानं अर्थ आधीच ठरवलेला असतो. सायकल फक्त तो अर्थ टांगायची खुंटी असते. एकाला ती गेलेल्या काळाची खूण वाटते, दुसऱ्याला गरिबीची. ती चालते, ओझं वाहते, कोणाला तरी कुठे तरी वेळेवर पोचवते, हे दोघांच्याही चौकटीबाहेर राहतं.

धर्मकीर्ती सातव्या शतकातला बौद्ध आचार्य. खरं अस्तित्व कशाला म्हणायचं, यावर त्याचं उत्तर विलक्षण साधं आहे. जे काही करू शकतं ते सत्. त्याचा शब्द अर्थक्रिया. चित्रातल्या आगीवर भाकरी भाजत नाही, म्हणून ती आग नव्हे. आता आपण विचाराल, मग फोटोतली सायकल तर कधीच चालणार नाही, सगळेच फोटो बाद करायचे का? नाही. फोटोतली सायकल चालत नाही, पण ती चालणारी वस्तू आहे हे फोटोतून कळतं की नाही, एवढं आपण विचारू शकतो. आमची पहिली कसोटी हीच.

ते कळतं कशावरून? इथे आपल्या गावाकडच्या माणसाकडून शिकण्यासारखं आहे. कोणाच्या दारात अनोळखी सायकल दिसली की वऱ्हाडातला माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? "हे सायकल कोनाची व्हय?" सायकल कोणत्या कंपनीची, किती जुनी, हे नंतर. आधी कोणाची. आणि ओळखीची असेल तर विचारावंही लागत नाही. सीटला गुंडाळलेली पिशवी, हँडलचा बाक, कॅरिअरला बांधलेली जुन्या ट्यूबची पट्टी, यावरून घरात कोण आलं आहे ते कळतं. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. आपल्याकडे सायकलीवरून पाहुण्याचं करतात. धूर हे जसं लिंग, तशी दारातली सायकल हेही लिंग आहे. भिंतीला टेकवलेल्या सुंदर सायकलीच्या फोटोत नेमकं हेच नाहीसं होतं. धूर तेवढा ठेवला आणि आग पुसून टाकली, असा तो प्रकार आहे.

पाश्चात्त्य विचारात हा मुद्दा हायडेगरनं १९२७ साली मांडला. हातोडा नीट चालतो तोवर सुताराचं लक्ष हातोड्याकडे नसतं, खिळ्याकडे असतं. हातोडा मोडला, हरवला की तो एकदम 'वस्तू' म्हणून समोर येतो. सायकलीचं तेच आहे. दूधवाल्याला सायकल दिसत नाही, त्याला पुढचं घर दिसतं. ती दिसते पंक्चर झाल्यावर. पंक्चरच्या दुकानापुढे सायकल उलटी उभी आहे, शेजारी घमेल्यात पाणी आहे, ट्यूब त्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते पाहणं चाललं आहे, आणि बाजूला मालक घड्याळाकडे बघत उभा आहे. या दृश्यात सायकल खरोखर दिसते, कारण तिच्यावाचून काय अडलं आहे ते दिसतं.

चित्रपटात हे सर्वांत मोठ्या ताकदीनं कोणी केलं असेल तर ते व्हित्तोरिओ द सिकानं, 'बायसिकल थीव्ज'मध्ये, १९४८ साली. नायकाला भिंतीवर पोस्टर चिकटवण्याची नोकरी मिळते, पण अट सायकलीची. ती गहाण पडलेली असते, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणतात. कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. त्यानंतर चित्रपटभर ती सायकल जवळजवळ नाहीच, आणि तरीही दुसरं काही आपल्याला दिसत नाही. रोममधली प्रत्येक सायकल आपण 'ही त्याची तर नव्हे?' म्हणून तपासू लागतो. म्हणजे द सिकानं प्रेक्षकांना वऱ्हाडी प्रश्न विचारायला लावला.

आता आमच्याविरुद्धची बाजू पाहू, कारण ती दुबळी नाही. कोणी म्हणेल, सर, तुम्ही छायाचित्राला समाजशास्त्राचा पुरावा करून टाकता. नुसत्या आकाराचं, छायाप्रकाशाचं सौंदर्य असतं की नाही? असतं. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वं सांगितली: संवाद, विरोध, समतोल. ती समजायला आंरी कार्तिए-ब्रेसाँचं १९३२ सालचं इएरमधलं छायाचित्र पाहावं. वरून खाली जाणारा वळणदार जिना, त्याचा लोखंडी कठडा, आणि खालच्या रस्त्यावरून झपकन जाणारा एक सायकलस्वार. कठड्याच्या वळणाशी रस्त्याच्या वळणाचा संवाद, स्थिर दगडाशी धूसर गतीचा विरोध, आणि क्षणापुरता साधलेला समतोल. तो सायकलस्वार कोण होता, हे त्या चित्रात कुठेच नाही.

मग आमची कसोटी कोसळली का? आम्हाला तसं वाटत नाही. तो कोण हे कळत नसलं तरी तो कुठे तरी चालला आहे हे नक्की कळतं. तो चित्रासाठी थांबलेला नाही. आकाराचं सगळं सौंदर्य त्याच्या जाण्यावर उभं आहे. त्याला काढून तिथे रिकामी सायकल टेकवून ठेवा, जिना उरेल, चित्र उरणार नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ च्या ग्रंथात अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद हे दोन ध्रुव मानले आणि सौंदर्यविचाराला दोन्हींची गरज आहे असं दाखवलं. सायकलीच्या चांगल्या फोटोत हे दोन ध्रुव एकमेकांना धरून असतात. स्मरणरंजनाच्या फोटोत आकार नुसता गोड होतो, कारण पलीकडचं टोक सुटलेलं असतं.

दयेच्या फोटोचा दोष वेगळा आहे. त्यासाठी हायडेगरकडेच परत जावं लागेल, पण आता त्याची बाजू घेऊन नव्हे. १९३५-३६ मधल्या कलाविषयक व्याख्यानांत त्यानं व्हॅन गॉगच्या जोड्यांच्या चित्रावर लिहिलं. ते जोडे शेतकरी बाईचे आहेत असं धरून तिचे कष्ट, तिची ओली जमीन, तिची भाकरीची चिंता, सगळं त्यानं त्या जोड्यांत पाहिलं. १९६८ मध्ये मायर शापिरो या कलेतिहासकारानं शांतपणे दाखवलं की ते जोडे बहुधा खुद्द व्हॅन गॉगचेच होते, आणि तेव्हा तो शहरात राहत होता. एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञानं 'कोणाचे' हा प्रश्न विचारलाच नाही, उत्तर परस्पर देऊन टाकलं. ओझ्याच्या सायकलीचा फोटो काढून खाली 'बळीराजाची व्यथा' लिहिणारा हेच करतो. तो माणूस कदाचित शेतकरी नसेल, भंगारचा नीट चालणारा धंदा करणारा असेल. त्याला दया नको असेल, भाव हवा असेल. वऱ्हाडात शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणूनच ते कुठल्याही सायकलीवर चिकटवू नये.

दोन्ही प्रकारच्या फोटोंमागे एक समजूत दडलेली आहे: सायकल ही संपलेली गोष्ट आहे. २०११ च्या जनगणनेचे देशाचे आकडे पाहा. जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. स्कूटर-मोटारसायकल होती २१ टक्के घरांत. म्हणजे आपण जिला आठवण म्हणून चौकटीत बसवत होतो, ती दुप्पट घरांच्या अंगणात उभी होती. आजही राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. त्या मुलीला विचारा, सायकल म्हणजे काय. ती 'साधेपणा' म्हणणार नाही आणि 'गरिबी'ही म्हणणार नाही. ती म्हणेल, शाळा.

आता एक जवळचं उदाहरण घेऊ. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान, लोणी ते माना या टप्प्यात, राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. काम सुरू झालं ३ जूनला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून जागतिक सायकल दिन म्हणून ठरवलेला दिवस तोच. यात कोणाचा दोष नाही, योगायोग आहे. पण फोटो काढणाऱ्यासाठी त्यात विषय आहे. त्या रस्त्याच्या डाव्या कडेनं, पांढऱ्या पट्टीच्या बाहेरून, सायकलवाला आजही जातो. उजव्या हाताला ट्रकची रांग. शेतातून परतताना त्याला रस्ता ओलांडायचा असेल तर दुभाजक कुठे फुटतो ते शोधत जावं लागतं. महामार्ग आणि सायकल एका चौकटीत आणा. कोणाला किती जागा मिळाली आहे ते फोटोच सांगेल. त्याला जुन्या भिंतीची गरज नाही.

तसाच पावसाळा. पावसाळ्यात सायकलीचा फोटो फारसं कोणी काढत नाही, कारण तेव्हा ती सुंदर दिसत नाही. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीला सायकलीइतकं दुसरं काही ओळखत नसेल. चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा गच्च बसतो की चाक फिरत नाही. माणूस दर पन्नास पावलांवर थांबून काडीनं चिखल काढतो, आणि शेवटी वैतागून सायकलच खांद्यावर घेतो. जी वस्तू माणसाला वाहते, तिला माणूस वाहतो आहे. या चित्रात आमचं हवामान, जमीन, पांदण रस्त्याची अवस्था आणि त्या माणसाचं सायकलीशी असलेलं नातं, सगळं आलं. खाली ओळ लिहायची गरज नाही.

तरुण छायाचित्रकार आम्हाला विचारतात, मग करायचं काय? तीन गोष्टी. पहिली, उंची बदला. अमेरिकेचा विल्यम एगलस्टन यानं मेम्फिसमध्ये लहान मुलाच्या तीनचाकीचा फोटो इतका जमिनीलगत बसून घेतला की मागची घरं त्या तीनचाकीपुढे लहान दिसू लागली. १९७६ मध्ये त्याच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो आला. तीनचाकी ज्याची आहे, त्याच्या जगात ती तेवढीच मोठी असते. मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून कैची चालवणाऱ्या पोराचा फोटो मोठ्या माणसाच्या उंचीवरून घेतला तर गंमत दिसते. पोराच्या उंचीवरून घेतला तर धाडस दिसतं. दुसरी गोष्ट, कॅरिअर आणि हँडल यांच्याकडे चाकापेक्षा जास्त पाहा. मालक तिथे असतो. डबा, कॅन, घडी केलेलं पोतं, शाळेचं दप्तर. तिसरी, फोटो काढण्याआधी किंवा नंतर मालकाशी बोला. तो हमखास विचारेल, "कायले फोटो काढून रायले बावा?" या प्रश्नाचं त्याला पटेल असं उत्तर आपल्याजवळ नसेल, तर तो फोटो बहुधा आपल्याच मनातला आहे, त्याच्या सायकलीचा नाही.

याचा अर्थ प्रत्येक फोटोखाली मालकाचं नाव हवं, असा नाही. नाव नसलं तरी चालेल. पण 'कोणाची?' असं विचारल्यावर फोटोनं गप्प बसू नये. दूध घालणाऱ्याची, शाळेत जाणाऱ्या मुलीची, रोज मूर्तिजापूर-अकोला अपडाऊन करणाऱ्याची, एवढं तरी त्यानं सांगावं.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत. आता आपले प्रश्न येऊ द्या, आणि कोणी स्वतः काढलेले फोटो आणले असतील तर तेही समोर ठेवा. आपण एकेक पाहू आणि प्रत्येकाला तोच प्रश्न विचारू.